पिकवणारा हात

दयाराम नांदुरा गावच्या गोदामात कच्ची केळी पिकवायच्या औषधात बुडवायचा, तेही उघड्या हातांनी. त्याची बायको रुख्मिणी हिला संशय आला तो घरातच. त्याने हाताळलेले हिरवे टमाटे दुपारपर्यंत लालभडक व्हायचे. तिने हाताळलेले हिरवेच राहायचे.

"हात साबणानं धुतले नं?"

"हाव, धुतले. काऊन रोज इचारतं वं?"

रुख्मिणी त्याला भाजीला हात लावू द्यायची नाही.

रविवारी लेक मयुरी माहेरी आली. तिला नुकताच सातवा महिना लागला होता. ती बापाच्या पाया पडायला वाकली, तशी रुख्मिणी चुलीपासून धावत आली.

तोवर दयारामने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला होता.

वाकलेली मयुरी सरळ झालीच नाही.

"आई," ती पोट धरून म्हणाली, "मले कळा येऊन राह्यल्या."