आवृत्ती ०.१०

हयातबाईंच्या पत्राला झुबेरनी उत्तर पाठवलं नव्हतं, त्याला आता दहा महिने झाले.

हयातबाई केर्केना बेटावर बायकांचं मंडळ चालवत. मंडळाच्या सहाही संगणकांवर झुबेरनी समोरच्या किनाऱ्यावरच्या स्फाक्स शहरात घरी बसून बांधलेला मुक्त ब्राउझर होता. कुणीही तो आतून उघडून पाहावा, बदलावा, वाटावा. पण रमजानच्या महिन्यात रोज रात्री लागणारी मालिका त्यात दिसत नव्हती. 'पैसे भरूनही पडदा काळाच. कारण कळवा, नाहीतर पुढच्या रमजानआधी तुमचा ब्राउझर सगळीकडून काढून टाकीन,' असं बाईंनी लिहिलं होतं.

रमजान आठ दिवसांवर आला होता.

उत्तर लिहिलं नव्हतं असं नाही. नऊ वेळा लिहिलं होतं. प्रत्येक मसुद्याच्या डोक्यावर, ब्राउझरला देतात तसा, आवृत्तीचा क्रमांक होता. प्रत्येकात ऐन वेळी काहीतरी खटकलं होतं.

त्यांच्या बायकोनं, नझीहानं, ०.९ वाचायला घेतली. गणिताची निवृत्त शिक्षिका. हातात पेन्सिल होतीच. चूक सापडली की ती नवऱ्याला 'सी', म्हणजे श्रीयुत, लावून हाक मारी.

"सी झुबेर, तिनं विचारलंय, मालिका का दिसत नाही. तू चार पानं स्वातंत्र्यावर लिहिलीस. यात मालिका कुठाय?"

मालिका खरोखरच नव्हती. ते ओशाळले आणि नवा कागद घेऊन त्यांनी लिहिलं: मालिकेला कुलूप असतं. ते उघडणारा तुकडा कंपन्या देतात, पण त्याच्या आत काय आहे ते कुणालाच पाहू देत नाहीत. जे मला पाहता येत नाही ते तुमच्या संगणकांत मी घालणार नाही. मालिकेपुरता एका संगणकावर दुसरा ब्राउझर ठेवा. कसा, ते मागच्या बाजूला लिहिलंय. उरलेल्या पाचांवर माझा राहू द्या. उशीर झाला, माफ करा.

सगळं अर्ध्या पानात मावलं.

"आता तरी वर आवृत्ती एक लिही," नझीहा म्हणाली.

त्यांनी ०.१० लिहिलं.

"हे तर ०.१ च झालं. दहा महिन्यांत होतास तिथंच आलास."

"आमच्या आवृत्त्यांत नऊनंतर दहा येतं. एक म्हणजे पक्कं. हे पक्कं कुठाय?" आणि खाली त्यांनी एक ओळ वाढवली: चुका दिसल्या तर दुरुस्त करून परत पाठवा.

पोस्टाच्या खिडकीतल्या माणसानं पाकिटावर शिक्का मारला, आणि त्याच क्षणी झुबेरना दुसऱ्या वाक्यातला एक शब्द खटकला. त्यांनी खिडकीतून हात आत घातला. पाकीट तोवर बेटाच्या बोटीच्या थैलीत पडलं होतं.

पुढे आलेला हात त्या माणसानं आपल्या हातात घेतला आणि दोनदा जोरात हलवला.