राहिलेला एक

मुलीच्या प्रवेशपरीक्षेआधी शंभर दिवस रोज एकशे आठ नमस्कार घालायचे, असा ओकबुनचा नेम होता. मोजताना दरवेळी चुकायला व्हायचं, म्हणून कोरियातल्या देगू शहराच्या वाचनालयातल्या वर्गात जाऊन ती पायथन ही संगणकाची भाषा शिकली. प्रत्येक नमस्काराला विहारातल्या लाकडी घंटेसारखं 'टक्' वाजवत आकडे मोजत जाणारा लूप तिनं स्वतः लिहिला.

त्रेसष्टाव्या सकाळी सोल्मीनं लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिलं. "आई, एक ते एकशे आठ लिहिलंस तर हा एकशे सातलाच थांबतो. शेवटचा आकडा धरतच नाही. एकशे नऊ लिहायचं."

"म्हणजे बासष्ट दिवस रोज एक कमी?"

"जाऊ दे गं, एकानं काय होतंय?"

"गेल्या वर्षी एका गुणानं काय झालं?"

ओकबुननं चष्मा सावरून एकशे एकाहत्तर लिहिलं. "आजचे एकशे आठ, राहिलेले बासष्ट, आणि वरचा एक ह्या मेल्याच्या हट्टाचा."

"आधी गुडघे बघ स्वतःचे! अर्धे मी घालते," म्हणत सोल्मीनं शेजारी आसन टाकलं.

ओकबुननं ते उचललं आणि तिच्या अभ्यासाच्या खुर्चीवर नेऊन ठेवलं.

"माझे राहिलेले मी भरून काढते. तुझा राहिलेला एक तू भरून काढ."