नदीची पिल्लं

वरच्या ओढ्यात सॅमन माशांची पिल्लं दिसली, तसं लिओनाने डेल्फीनमावशीला गाडीत बसवून तिकडे नेलं. कोलंबिया नदीवर धरणं झाल्यापासून त्या ओढ्यात सॅमन जन्मलाच नव्हता. त्यांच्या आदिवासी जमातीच्या हॅचरीत, म्हणजे मत्स्यपैदास केंद्राच्या हौदांत, पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले मासे लिओनाने तिथे सोडले होते, आणि यंदा त्यांनी खडीत अंडी घातली होती.

"तुझे हौदातले लाडोबा नव्हेत ना हे?" मावशीने विचारलं.

"नाही गं. ही नदीची पिल्लं. यांनी हौद पाहिला नाही की माणूस पाहिला नाही."

"मग बघ गंमत. आमच्या लहानपणी नुसती सावली पडली तरी पिल्लं दगडाखाली पसार व्हायची."

मावशीने पाण्यावर हात धरला. सावली पडताच सगळी पिल्लं वर आली आणि तोंडं उघडून हाताखाली जमली.

"यांना हे कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही." लिओना म्हणाली. "हौदात भित्री पिल्लं उपाशी मरतात. खाद्य टाकणारा हात दिसला की वर येतात, तीच जगतात. ही त्यांच्याच पोटची."

समोरून बगळा पाण्यात उतरला आणि सावकाश एकेक पिल्लू टिपू लागला. लिओनाने ओरडत दगड भिरकावला. तो बगळ्याच्या अलीकडे पडला. खाद्य पडल्यासारखी उरलेली पिल्लं त्या आवाजाकडे धावली. बगळाही तिकडे सरकला.

लिओनाने दुसरा दगड उचलला. मावशीने तिचं मनगट धरलं.

"नको पोरी. आता काही टाकू नकोस."