शिवेपारचा गाडा

सत्तावन्न साली फ्लूची साथ मुळशी खोऱ्यात शिरली, तेव्हा गावानं पुन्हा मरीआईचा गाडा काढला. साथ गाड्यात बसवायची, शिवेपार ढकलायची आणि मागं वळून बघायचं नाही, ही जुनी रीत.

गाड्यात हिरव्या बांगड्या, लिंबं नि एक खण, एवढंच. तरी चाकं रुतत होती.

"तात्या, पोरगं बसलंय का काय आत?" धाकट्या भावाचा मुलगा बहिरू हसला.

कुशाबा हसला नाही. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत थोरला भाऊ नि भावजय एका दिवसात गेली, तेव्हा त्यांची चार वर्षांची हौसा त्यानंच अशाच गाड्यात बसवली होती. "अवदसा हाय, जाऊ द्या साथीसंगं." गावानं मान डोलावली. शिवेवर तिनं धरलेली करंगळी त्यानं सोडवून घेतली. भावाचं शेत तेवढं ठेवून घेतलं.

आताही गाडा सोडून सगळे माघारी फिरले. वाट उन्हानं तापली होती. ओढ्याशी कुशाबाच्या करंगळीभोवती गार, इवलीशी मूठ आवळली. त्यानं खाली बघितलं नाही.

दारात सुनेनं त्याच्या पायांवर पाणी घातलं. मग तांब्या जरा बाजूला नेऊन पुन्हा घातलं.

"मामंजी, कुणाची वो ही?" ती म्हणाली. "पाय लई पोळल्यात पोरीचं."