बिननावाची बटणं

लालबागला मसाल्याच्या दुकानावरच्या माळ्यावर आमची कंपनी आहे, त्यामुळे मीटिंगा शिंकतच होतात. वेबसाइटवर ग्राहकांशी बोलायची चॅटची खिडकी आम्ही बनवतो. आमच्यातल्या कालिंदीला दिसत नाही. कॉम्प्युटर तिला सगळं वाचून दाखवतो. सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाची नवी खिडकी त्याने वाचली, "बटण. बटण. बटण." कुठलं बटण कशाचं, तिला कळेना. बटणांना नावं द्यायला आम्ही गिऱ्हाइकाकडे दोन दिवस मागितले. तिथले साहेब म्हणाले, "आंधळे कितीसे येतात? उद्याच सुरू करा, नाहीतर कंत्राट विसरा!" "ठीकाय," कालिंदी म्हणाली, "मग आपल्यालाही नावं नकोत." सकाळी साहेबांचा फोन आला. "माणूस बोलतोय," मी म्हणालो. "कोण माणूस?" "माणूस. थांबा, देतो." शेजारच्या टेबलावरच्या स्वप्नीलने फोन घेतला. "माणूस बोलतोय." खालचे मिरची कांडणारे शिवाकाकाही वर येऊन "माणूस" म्हणून गेले. साहेब किंचाळले, "अरे, नाव सांगा!" कालिंदीने फोन घेतला. "साहेब, त्याला दोन दिवस लागतील."