नववं ताट

बेटावरची चार गावं दाखवून पाचची बोट गाठायची म्हणजे गाईडच्या डोक्याला ताप. सकाळपासून कुणी फोटोंसाठी अडून बसलं, कुणाची चप्पल हरवली. आता शेवटच्या गावात जेवण, तेही त्याच्याच आईकडे. घरच्यांचीच सोय बघतो, असं कुणी म्हणू नये म्हणून पर्यटकांसमोर तो तिला ‘मावशी’ म्हणायचा. आज पुन्हा आठजणांसाठी नऊ ताटं! “मावशी, किती वेळा सांगायचं? आठ म्हणजे आठ!” “असू दे,” म्हणत ती वाढतच राहिली. “हे कुणाचं?” एका पर्यटक आजींनी विचारलं. “माझ्या मुलाचं. रोज येतो, घड्याळ दाखवतो, माझ्यावर खेकसतो आणि उपाशीच जातो.” आजी भडकल्या. “असला कसला मुलगा! अहो गाईड, तुम्ही तरी त्याचे कान उपटा!” गाईड कपाळावर हात मारून नवव्या ताटावर बसला. “आई, वाढ लवकर. बोट पाचची आहे!”