दुसरी बाही

लेक दारात येऊन उभी राहिली तेव्हा मास्तर मागावर बसून धोटा टाकत होते. त्यांनी मान वर केली नाही. "पाय पुसून ये," एवढंच म्हणाले. मास्तर बसतील ते त्यांचं दुकान, मग खोली कुणाचीही असो.

खोली वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची. दर शनिवारी दुपारी तिथे विणकामाचा वर्ग भरायचा. सहा माग आणि सहा शिकाऊ, त्यांत सगळ्यांत वयस्कर शिकाऊ मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले. मग डोळ्यांनी दगा दिला, सुईत दोरा जाईना, आणि लेकीनं एक दिवस मशीन आपल्याकडे ओढून घेतलं. "बाबा, आता पुरे." मास्तरांच्या मनाला ते लागलंच. विणायला डोळ्यांपेक्षा हात लागतात असं कळल्यावर त्यांनी वर्गात नाव घातलं आणि घरी बजावलं, "आठव्या शनिवारी ये. एका जॅकेटचं कापड देतो. दुकानात टांगावंसं वाटलं तर टांग, नाहीतर फडकी कर."

फडकी कर म्हणायला काय जातं? आपल्या हातचं काहीतरी पुन्हा दुकानात दिसावं म्हणून त्यांचा जीव तुटत होता.

आज आठवा शनिवार होता. लेकीनं गळ्यातली टेप काढली. मागावरचं कापड अडीच हात भरलं. रुंदी सुरुवातीला बावीस इंच, मध्ये बावीस, शेवटीही बावीस. तिनं काठावरून बोट फिरवलं, उलटी बाजू पाहिली. नाव ठेवायला जागा नव्हती.

"छान झालंय."

"नुसतं छान?"

"बरं, खूप छान. पण बाबा, यात पाठ निघेल, पुढचे दोन भाग निघतील. बाह्यांचं काय?"

मास्तरांनी उरलेल्या धाग्यांवरून हात फिरवला. मागावर न विणलेल्या उभ्या धाग्यांचा ताणा हातभरच उरला होता, म्हणजे फार तर एक बाही.

"तो पहिला तुकडा दाखवा की, मास्तर," शेजारच्या मागावरून निवृत्त पोस्टमन म्हणाला. "पिशवीत दडवून ठेवलाय यांनी."

"तुम्ही तुमचं पाहा. तुमचा धागा तुटलाय," मास्तर म्हणाले. खरोखरच तुटला होता.

लेकीनं पिशवीत हात घातलाच. पहिल्या तीन शनिवारांचं ते काम होतं. प्रत्येक धागा टाकला की मास्तर तो खेचून घट्ट करायचे. टाका ओढला नाही तर उसवतो, हे त्यांनी लेकीसकट अर्ध्या गावाला शिकवलेलं. विणताना मात्र आडवा धागा सैल, तिरका सोडायचा आणि मग फणी मारायची. शिकवणाऱ्या बाई ओरडून थकल्या. कापड दर बोटाला आकसत गेलं. बावीस इंचांवर सुरू झालेलं हातभर कापड पंधरावर येऊन टेकलं. पलीकडच्या मागावरची नर्स तर दर शनिवारी विचारायची, "काय मास्तर, आज वजन किती उतरलं?" शेवटी बाईंनी तेवढं कापून काढलं आणि नव्यानं सुरुवात करायला लावली.

लेकीनं तो तुकडा बापाच्या डाव्या हाताला लावला. रुंद टोक खांद्यापाशी, अरुंद मनगटापाशी.

"बाबा, ही बाही आहे!"

"ती चूक आहे."

"चूक असेल. पण बघा ना, कात्रीसुद्धा लावायला नको. दोन्ही काठ विणलेलेच आहेत. आता उरलेल्या ताण्यावर अश्शीच दुसरी विणा."

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी दोन्ही हात वर केले. "मी काहीच बोलत नाही. बोलून बोलून माझा घसा बसलाय."

मास्तर सरसावून बसले. धोटा टाकला, धागा ओढला, फणी मारली. पुन्हा टाकला, ओढला.

"ओढा ना, बाबा."

"ओढतोय गं."

चार बोटं विणून झाल्यावर लेकीनं टेप लावली. डावीकडे कापड दीड इंच आत गेलं होतं, उजवीकडे जागचं हललं नव्हतं, आणि काठ तर शेळीनं कुरतडल्यासारखा. ओढायचं म्हणून हात ओढायचा, पण धागा ताणला जायच्या आत बोटं आपसूक सैल पडायची. मास्तरांनी आणखी दहा धागे टाकून पाहिले. पोस्टमन आपला तुटलेला धागा सोडून बघत बसला.

मास्तर थांबले. मग त्यांनी ते सगळे धागे एकेक करून उलटे काढायला घेतले. घाई केली नाही. लेक सुटलेला धागा कांडीवर गुंडाळत राहिली. ताणा पुन्हा मोकळा झाला तेव्हा त्यांना एकदम हसू आलं, अगदी पोटातून.

"नाही जमायचं. आता ते माझ्या हातून व्हायचं नाही. मी सरळच विणतो, तू तिरकी काप."

"एक विणलेली आणि एक कापलेली? टांगल्यावर गिऱ्हाईक विचारेल ना, दोन बाह्या दोन तऱ्हेच्या का म्हणून."

टांगल्यावर. मास्तरांनी तो शब्द बरोबर ऐकला. मान खाली घालून त्यांनी धोटा टाकला, धागा तिरका सोडला आणि फणी मारली.

"विचारू दे. सांग, डावी बापाची, उजवी लेकीची."